आधी गोदामाची चावी, मग समज

प्रश्न असा आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकारी ताई लिहितात: "आमचा सात जणांचा स्टाफ आहे. खरेदी पाहणारे एक भाऊ आहेत, पंचेचाळिशीच्या पुढचे, अध्यक्षांचे सख्खे पुतणे. कामाला वाघ. सोयाबीन, तूर, हरभरा, सगळी आवक त्यांच्या ओळखीवर येते. पण हाताखालच्यांना चारचौघांत वाट्टेल ते बोलतात, अकाउंटंट मुलीची रोज टर उडवतात, ग्रुपवर टोमणे मारतात, मीटिंगमध्ये 'हो' म्हणतात आणि पानठेल्यावर उलटं सांगतात. वर्षभरात दोन पोरं सोडून गेली. मी दोनदा प्रेमानं बोलले, दोन्ही वेळा चार दिवस बरे गेले. पोळा झाला की दसरा आलाच, सीझन सुरू होईल. त्यांना काढू की सहन करू? आणि संचालक मंडळाला सांगू कसं?"

ताई, काढायचं की सहन करायचं हे आज ठरवूच नका. आज तुमच्याच्यानं दोन्ही होणार नाही. काढलं तर आवक बसेल ही भीती आहे, आणि सहन केलं तर तिसरा माणूस जाणार हे तुम्हालाही दिसतंय. दोन्ही अडचणींचं मूळ एकच आहे. शेतकऱ्यांचे नंबर भाऊंच्या मोबाइलमध्ये, गोदामाची चावी त्यांच्या खिशात, ओलावा मोजायचं मीटर त्यांच्या टेबलावर, नोंदणीच्या पोर्टलचा ओटीपी त्यांच्या सिमवर आणि हमालांचा मुकादम त्यांचा माणूस. तुमच्या पत्रात हे सगळं लिहिलेलं नाही, पण अशा बहुतेक कंपन्यांत मी हेच पाहत आलोय, तुमच्याकडे फार वेगळं नसावं. जोवर हे असं आहे, तोवर तुम्ही प्रेमानं बोला नाहीतर रागानं, त्यांना पक्कं ठाऊक असतं की आपल्यावाचून यांचं पान हलत नाही. ते चार दिवस बरे गेले ते तुमच्या शब्दाला मान म्हणून. पाचव्या दिवशी काही बिघडत नाही हेही त्यांना दिसलं.

म्हणून क्रम उलटा करा. आधी कामाची वाटणी, मग समज, आणि त्यानंतर गरज पडलीच तर कारवाई. पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत पूर्ण भादवा आणि वरचे दहा दिवस, म्हणजे चाळीसेक दिवस मिळतात. तेवढ्यात पहिली दोन कामं होतात.

त्याआधी एक खात्री करून घ्या. सीझनमध्ये आवाज चढतोच. बाहेर ट्रॅक्टर आणि बंड्यांची लाइन, वर आभाळ भरलेलं, बारदाना संपलेला, आणि अशात कोणी कोणावर खेकसलं तर मी ते मनावर घेणार नाही. संध्याकाळी चहा पाजून तो माणूस स्वतःच मोकळा होतो. तुमच्या भाऊंचं तसं आहे का, हे ओळखायला राग कुठल्या दिशेनं जातो ते पाहा. अध्यक्षांसमोर, बँकेच्या मॅनेजरसमोर, पन्नास एकरवाल्या कास्तकारासमोर यांचा पारा कधी चढतो का? तिथे कधीच चढत नसेल आणि हमालासमोर, विशीतल्या मुलीसमोर रोज चढत असेल, तर जीभ त्यांच्या पूर्ण ताब्यात आहे, इतकाच त्याचा अर्थ. मग 'स्वभावच तसा आहे हो, मनानं चांगले आहेत' हे ऐकून घेऊ नका. हे वाक्य तुम्हाला गावात दहा जण ऐकवतील.

'कामाला वाघ' याबद्दलही थोडं. २०१५ साली हार्वर्ड बिझनेस स्कूलमधून मायकल हाउसमन आणि डिलन मायनर यांचा एक अभ्यास आला. अकरा कंपन्यांतल्या पन्नास हजारांहून जास्त कामगारांची माहिती त्यांनी तपासली. छळ, फसवणूक, खोट्या नोंदी अशा कारणांनी ज्यांना शेवटी काढावं लागलं ते लोक कामाच्या उरकाला सरासरीपेक्षा पुढेच निघाले, आणि म्हणूनच ते टिकून राहतात. पण असा एक माणूस टाळला तर कंपनीचं जे नुकसान वाचतं, ते अव्वल एक टक्क्यातला हिरा हाती लागल्यावर होणाऱ्या फायद्याच्या दुपटीहून जास्त भरलं. अभ्यास तिकडचा आहे, आपल्या काट्यावर आकडे तसेच्या तसे लागू होणार नाहीत. पण हिशोबाची ही पद्धत घ्या. गेलेल्या दोघांना पोर्टल शिकवायला किती दिवस गेले? नव्या पोराने खात्याचा एक आकडा चुकवला म्हणून किती कास्तकारांचे पैसे अडकले? त्यातले किती जण पुढच्या वेळी माल घेऊन सरळ खासगी व्यापाऱ्याकडे गेले? हे कागदावर मांडा. अध्यक्षांशी बोलताना हाच कागद कामाला येणार आहे.

आता वाटणी. शेतकऱ्यांचे नंबर त्यांच्याकडे मागायला जाऊ नका, मागाल तर पहिल्याच दिवशी तंटा होईल. कंपनीकडे ते आहेतच. हमीभावाच्या खरेदीसाठी ज्यांनी नोंदणी केली त्या प्रत्येकाचा सातबारा, आधार, पासबुकाची झेरॉक्स आणि मोबाइल नंबर तुमच्या फायलीत पडलेला आहे. त्यावरून गावनिहाय रजिस्टर करा आणि एकेक जणाकडे काही गावं द्या. अकाउंटंट मुलीलाही दोन गावं द्या, शक्यतो तिच्या गावाच्या बाजूची. दसऱ्याच्या आधी प्रत्येकाने आपल्या गावात एक चक्कर मारायची, पीक कसं आहे, सोंगणी कधी निघेल, नोंदणी झाली का, एवढंच विचारायचं. कंपनी म्हणजे फक्त भाऊ नाहीत, हे कास्तकाराच्या लक्षात यायला एवढी चक्कर पुरते.

गोदामाला दोन कुलपं लावा, दोन चाव्या दोघांकडे. तारण कर्जाच्या गोदामाला दोन कुलपं असतातच, त्यात कोणी अपमान मानत नाही. पोर्टलला जोडलेला नंबर बदलून कंपनीच्या नावाचं सिम घ्या आणि तो फोन ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवा. हमालीचे दर फळ्यावर लिहा आणि पैसे मुकादमाच्या हातातून न जाता ज्याच्या त्याच्या खात्यात जाऊ द्या.

मीटरचं मात्र जरा जपून. सोयाबीनच्या सरकारी खरेदीत ओलाव्याची मर्यादा १२ टक्के असते. २०२४च्या हंगामात केंद्र सरकारने ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली होती, तेव्हा किती बोंबाबोंब झाली ते तुम्ही पाहिलंच असेल. बारा की साडेबारा, यावर कास्तकाराची ट्रॉली रिकामी होते किंवा परत जाते. जो माणूस तो आकडा वाचतो तोच काट्यावरचा राजा. भाऊ काही गडबड करतात असं मी म्हणत नाही, तसा काही पुरावा तुम्ही दिलेला नाही. पण 'ओळखीवर आवक येते' यातली बरीच ओळख या अर्ध्या टक्क्याच्या आसपास जमलेली असते, हे खरेदी केंद्र चालवलेल्या कोणालाही विचारा. म्हणून आकडा मोठ्यानं वाचायचा, कास्तकाराला दाखवायचा आणि काटापट्टीवर दोघांच्या सहीने लिहायचा, असा नियम करा. नियम सगळ्यांसाठी, तुम्ही स्वतः मीटरवर बसलात तर तुमच्यासाठीसुद्धा.

ही वाटणी सांगताना बहाणा करू नका. 'ऑडिटवाल्यांनी सांगितलं' वगैरे म्हणाल तर ते दुसऱ्या दिवशी सीएला फोन लावतील आणि तुम्ही उघड्या पडाल. 'एका माणसावर सगळा भार नको, उद्या तुम्हीच आजारी पडलात तर केंद्र बंद पडेल' हे खरं कारण आहे आणि तेच पुरेसं आहे. ही वाटणी ते कशी घेतात, यावर बारीक लक्ष ठेवा. कुरकुर करत का होईना नव्या पोराला मीटर शिकवायला बसले, तर या माणसाशी पुढे जमू शकतं. चावी द्यायला आठ दिवस लावले, रजिस्टर अर्धवट ठेवलं, अध्यक्षांच्या घरी जाऊन रडले, तर तेही तुम्हाला दसऱ्याच्या आतच समजलं, हे बरं.

इथेच एक सांगतो. पुष्कळ कंपन्या आणि संस्था असं काही न करता एका माणसाची मारबत करतात. 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' म्हणत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, तिचा पुतळा गावाबाहेर नेऊन जाळला की वर्षभराची रोगराई गेली, तसं वाजतगाजत त्याला काढतात. मग त्याच खुर्चीवर, त्याच चाव्या घेऊन दुसरा बसतो आणि दोन सीझनमध्ये तोही तसाच बोलायला लागतो. मी हे एकाच केंद्रावर लागोपाठ होताना पाहिलंय. लोक म्हणायचे, या गावातच तसले लोक निघतात.

वाटणी मार्गी लागली की समज. यात तुम्हाला जड जाईल, कारण तुम्ही वयाने लहान, ते अध्यक्षांच्या घरचे. म्हणून कसं बोलायचं ते जरा तपशिलात लिहितो. बाकीचा स्टाफ यायच्या आधी, सकाळी, ऑफिसातच बोला. रस्त्यात नको, फोनवर नको, पानठेल्यावर तर नकोच. गेल्या सहा महिन्यांचं गाठोडं सोडू नका. एकच प्रसंग घ्या, ताजा, आणि तुम्ही स्वतः पाहिलेला किंवा ऐकलेला. ऐकीव घेतला की 'कोणी सांगितलं तुम्हाला' याच्यावर गाडी जाते आणि ज्याने सांगितलं त्याची शिकार होते.

समजा खताच्या दिवसांतला प्रसंग आहे. पॉस मशीनवर अंगठा घेतल्याशिवाय अनुदानाचं पोतं देता येत नाही. निंदण-डवरणीत घासलेले अंगठे मशीन दोन-तीनदा नाकारतं, त्यात काउंटरवरच्या मुलीचा काडीचा दोष नसतो. लाइन वाढली आणि भाऊ सगळ्यांसमोर बोलले. तर बोलणं असं व्हावं:

"भाऊ, मंगळवारी खताच्या लाइनीसमोर तुम्ही म्हणालात, 'इले साधा अंगठा घेता येत नाही, ही काय हिशोब ठेवीन.' समोर पंधरा-वीस कास्तकार होते. मी आतच होते, मी ऐकलं."

"मॅडम, गर्दी होती ना. अन् मी मजाकमध्ये बोललो. तिले काही वाटलं नाही त्याचं."

"तिला काय वाटलं ते मी विचारत नाही. असं बोलणं आपल्या कंपनीत चालणार नाही, एवढंच सांगून राहिले. तिचं काही चुकलं तर तिला आत बोलवून सांगा, नाहीतर मला सांगा. लोकांसमोर नाही."

"म्हणजे आता बोलाचंच नाही का? मंग कामं कशी होतीन? तुम्ही आत बसता, बाहेर सारं मी सांभाळून राहिलो."

बहुतेक जण इथेच घसरतात. 'हो हो, तुम्ही आहात म्हणून तर चाललंय' असं म्हणून जातात, आणि पुढची वीस मिनिटं भाऊंनी कंपनीसाठी काय काय केलं याची कथा ऐकत बसतात. उठताना दोघांनाही वाटतं की छान बोलणं झालं. तुम्ही मात्र मंगळवारवरच राहा: "बाहेरचं तुम्ही सांभाळता, मान्यच आहे. आत्ता मी मंगळवारबद्दल बोलून राहिले. पुढच्या वेळी गर्दीत अंगठा लागला नाही तर तुम्ही काय कराल, ते मला सांगा." आणि गप्प राहा. उत्तर त्यांच्या तोंडून येऊ द्या, मग ते कितीही तुटक असो. 'ठीक आहे, बोलवून घेईन आत' एवढं आलं तरी पुष्कळ झालं. माफी मागायला लावू नका. सगळ्यांसमोर मागितलेली माफी तो माणूस वर्षभर वसूल करतो.

त्याच दिवशी त्यांना एकट्यांना मेसेज करा: आज सकाळी आपलं बोलणं झालं, मंगळवारच्या प्रसंगावर, अमुक ठरलं. धमकी नाही, कायदा नाही, तीन ओळी. शिवाय एक वही ठेवा, तारीख, काय बोलले, कोण हजर होतं, मी काय केलं. विशेषणं लिहू नका. 'उद्धटपणे वागले' याला पुढे काही अर्थ उरत नाही, बोललेले शब्द जसेच्या तसे लिहिले तर उरतो. दुसऱ्यांदा तेच झालं तर बोलताना एखाद्या संचालकाला सोबत बसवा आणि मेसेजऐवजी कंपनीच्या लेटरहेडवर पत्र द्या. पुन्हा झालं तर कारणे दाखवा नोटीस. हा क्रम त्यांना पहिल्याच भेटीत सांगून टाका, म्हणजे नंतर 'मले काही सांगितलंच नाही' असं म्हणता येणार नाही.

आणि ते सुधारले तर? तेही वहीत लिहा. एखाद्या गर्दीच्या दिवशी भाऊंनी त्या मुलीच्या शेजारी बसून कास्तकारांना दुसरं बोट लावायला सांगितलं, तर संध्याकाळी सहज म्हणा, आज काउंटर मस्त चाललं. जास्त गोडगोड करू नका, त्यांना ते लगेच समजतं.

ग्रुपचं सोपं आहे. अॅडमिन तुम्ही आहात. ग्रुपवर आवक, दर, वाहन, सुट्टी, एवढंच. कोणाची चूक नाव घेऊन टाकायची नाही. एखादा टोमणा आला तर तिथल्या तिथे तुम्ही एक ओळ लिहा, 'हे माझ्याशी बोला, ग्रुपवर नको.' त्यावर हसणारा इमोजी टाकणारे जे दोघं-तिघं असतात, त्यांच्याशीही वेगळं बोला. आणि जरा मागचे मेसेज चाळून पाहा, तुमचाही एखादा अंगठा कुठे पडलेला आहे का.

आता ज्यांना सोसावं लागतं त्यांच्याबद्दल. आपल्या भागात सूड ऑफिसात उगवला जात नाही, तो गावातून येतो, आणि शहरातली मॅनेजमेंटची पुस्तकं इथे अपुरी पडतात. मुलगी शेजारच्या गावाहून स्कुटीने येते. सीझनमध्ये हिशोब जुळेपर्यंत सात वाजतात. तिच्या बापाच्या कानावर कोणीतरी चौकात एवढंच घालतं, 'काकाजी, तुमची पोरगी रात्रीपर्यंत ऑफिसातच राह्यते म्हणे,' आणि सोमवारपासून तिची नोकरी बंद. भाऊंनी स्वतः काही बोलायचीही गरज पडत नाही. हमालाचं असंच, त्याच्या भावाचा ट्रॅक्टर भाड्याने लागायचा बंद होतो. म्हणून तिच्याशी बोलताना 'तू बिनधास्त तक्रार दे, मी आहे' असं मोघम वचन देऊ नका. काय करता येईल ते सांगा. सीझनमध्ये तिची वेळ साडेपाचपर्यंत, उरलेला हिशोब सकाळी. एकदा तिच्या घरी जाऊन आई-बाबांना भेटा, कंपनीचं काम काय, ऑफिसात कोण कोण असतं, ते सांगून या. तुम्ही बाई आहात, हे तुम्हाला जितकं सहज जमेल तितकं एखाद्या पुरुष मॅनेजरला जमलं नसतं. आणि भाऊंशी बोलताना तिचं नाव तक्रारदार म्हणून काढू नका. म्हणूनच वर म्हटलं, प्रसंग तुम्ही पाहिलेला घ्या.

'टर उडवतात' असं तुम्ही लिहिलंय. काय बोलून उडवतात, ते तिला एकटीला, शांतपणे विचारा. कपडे, शरीर, लग्न, 'कोणासोबत येते' असलं काही असेल तर हे प्रकरण वरच्या सगळ्या पायऱ्यांतून बाहेर काढा. तो लैंगिक छळ ठरू शकतो, आणि त्याला २०१३चा कायदा आहे. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर कंपनीत अंतर्गत समिती असायलाच हवी, तिच्या अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्या तरी सदस्य महिला आणि एक सदस्य बाहेरचा. दहापेक्षा कमी असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. तुम्ही सात म्हणता, पण या कायद्यात रोजंदारीचे आणि कंत्राटदारामार्फत आलेलेही कर्मचारीच धरतात, तेव्हा सीझनमधली डोकी मोजून पाहा. तक्रारीची मुदत घटनेपासून तीन महिन्यांची आहे, सबळ कारण असेल तर समिती ती आणखी तीन महिने वाढवू शकते. त्यामुळे 'सीझन उरकू दे, मग पाहू' असं तिला सांगू नका. चार मोठी माणसं बसवून 'घरातलंच आहे, मिटवून टाका' हा आपल्याकडचा आवडता उपाय इथे चालत नाही. समेट होतो तो फक्त त्या बाईने स्वतः मागितला तर, समितीमार्फत, आणि पैशावर तर नाहीच.

तसंच अनुसूचित जाती-जमातीच्या हमालाला किंवा स्टाफमधल्या कोणाला जातीवरून बोललं जात असेल तर १९८९चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. तिथे तुमचं काम मध्यस्थीचं नाही. त्याला त्याचा हक्क सांगा, त्याच्या वाटेत उभ्या राहू नका.

अध्यक्षांकडे मंडळाच्या बैठकीआधी, एकट्या जा. संध्याकाळी घरी गेलात तरी चालेल, आपल्याकडे महत्त्वाचं बोलणं ओसरीवरच होतं. फक्त पुतणे घरी नसतील अशी वेळ पाहा. 'काकाजी, भाऊ फार वाईट वागतात' अशी सुरुवात केली की ते काकाच होऊन ऐकतील. तो हिशोबाचा कागद समोर ठेवा, गेलेली पोरं, अडकलेली पेमेंटं, व्यापाऱ्याकडे वळलेले कास्तकार. त्यांना अध्यक्ष म्हणून ऐकायला भाग पाडणारी गोष्ट तीच आहे. आणि त्यांच्याकडे मागायचं फार थोडं: पुतण्याला रागवा असं नाही, काढायला मदत करा असं तर मुळीच नाही. भाऊ घरी तक्रार घेऊन आले की 'ऑफिसचं ऑफिसात बोल' एवढं एक वाक्य त्यांनी म्हणावं. ते म्हणाले तर तुमचं अर्धं काम झालं. बहुतेक अध्यक्ष म्हणतात, कारण घरात त्यांनाही या माणसाचा ताप असतोच, फक्त कोणी विचारलेलं नसतं.

मंडळाचं वेगळं. उत्पादक कंपनीत पाच ते पंधरा संचालक असतात, तीन महिन्यांतून किमान एक बैठक घ्यावीच लागते, आणि कायद्याने मुख्य कार्यकारी अधिकारी सभासदांबाहेरचा, मंडळाने नेमलेला पूर्णवेळ माणूस असतो. तुम्ही बाहेरच्या आहात ही तुमची अडचण नाही, कायद्यालाच तसं हवं होतं. पण नेमणुका करायचे अधिकार तुम्हाला मंडळाने दिले तेवढेच असतात. तेव्हा दसऱ्याआधीच्या बैठकीत भाऊंचं नाव न घेता एक ठराव करून घ्या: कर्मचाऱ्यांची नेमणूक, लेखी समज, नोटीस आणि कामावरून कमी करणं, यातलं मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या अखत्यारीत काय आणि मंडळाच्या मंजुरीने काय. सोबत सगळ्यांची नेमणूकपत्रंही उरकून घ्या. माझ्या पाहण्यातल्या बऱ्याच कंपन्यांत ती नसतातच, मग काढताना कळतं की हा माणूस कागदोपत्री कधी नेमलेलाच नव्हता.

त्या बैठकीत तुम्हाला कोणीतरी सांगेल, 'आपल्यात सारं सर्वसहमतीनं होते, असे अधिकार-बिधिकार कायले पाहिजे.' सर्वसहमतीचं नाव घ्यायचं तर गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा आहे, २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळालेलं गाव. तिथली ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेते, पण त्याआधी अभ्यासगट बसतात, ज्याला पटलं नाही त्याला बोलू देतात, निर्णय पुढे ढकलतात. आपल्या मंडळात अध्यक्ष बोलतात आणि बाकीचे सुपारी कातरतात. दोन्हींची गल्लत कोणाला करू देऊ नका. हे त्यांना याच शब्दांत सांगायची मात्र गरज नाही.

हे सगळं करूनही वागणं तसंच राहिलं तर काढा, आणि तेव्हा घोळ घालू नका. नोटीस, उत्तराला पुरेसा वेळ, म्हणणं ऐकून घेणं, मंडळाची मंजुरी, लेखी आदेश. देणं असेल ते पूर्ण द्या, चारशे रुपयांच्या पेट्रोलच्या बिलावरून अडवू नका. ज्या दिवशी आदेश द्याल त्याच दिवशी गावं वाटून घेतलेल्या पोरांनी आपापल्या गावातल्या मोठ्या कास्तकारांना फोन करायचा: 'भाऊ आता कंपनीत नाहीत, तुमचं काम मी पाहीन, नोंदणी लागलेली आहे.' का गेले, कसे गेले, एक शब्द नाही. ते समोरच्या व्यापाऱ्याकडे जाऊन बसतील आणि सांगतील की कंपनी बुडून राहिली. काही ट्रॉल्या पहिल्या पंधरवड्यात तिकडे जातीलही. कास्तकार माणसासाठी एकदा येतो, दुसऱ्यांदा काटा बरोबर आहे का आणि पैसे खात्यात कधी पडले ते पाहून येतो. तेवढे दोन दिवाळीपर्यंत सांभाळले तर तुरीच्या वेळी त्यातले बरेच परत दिसतील.

राहिली एक शक्यता, मंडळाने स्पष्ट सांगितलं की याला हात लावायचा नाही. तर ते इतिवृत्तात लिहून घ्या. तुम्ही काय मांडलं, कोणती कागदपत्रं ठेवली, मंडळाने काय ठरवलं. लिहायला नकार दिला तर दुसऱ्या दिवशी सगळ्या संचालकांना तसा ईमेल टाका. मग तुमच्यासमोर तुमच्याच नोकरीचा प्रश्न उरतो, आणि तो माझ्यापेक्षा तुम्हाला चांगला सोडवता येईल. बाहेर पडायचं ठरलंच तर ऐन खरेदीत पडू नका, कास्तकारांचे पैसे तुमच्या सहीवर अडकलेले असतात. तुरीचं शेवटचं पेमेंट खात्यात पडू द्या, आणि त्याआधी त्या अकाउंटंट मुलीला अनुभवाचं प्रमाणपत्र तुमच्या सहीने देऊन ठेवा.